औषधे विकत घेता येतात, औषधनिर्माता घडवावा लागतो

कोल्हापुरात शेंडा पार्कच्या माळावर अकराशे खाटांचे रुग्णालयसंकुल उभारण्याची शासनाची योजना आहे. या योजनेवर भाषणे झाली, फलक लागले, श्रेयाची वाटणीही झाली. २०२३ साली वैद्यकीय शिक्षण खाते कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा त्यांच्याकडेच आले. त्यामुळे जिल्ह्याच्या अपेक्षा वाढल्या, हे स्वाभाविकच होते. खाटा मोजल्या गेल्या, इमारती मोजल्या गेल्या, यंत्रे मोजली गेली. परंतु या खाटांवर पडलेल्या रुग्णाच्या पोटात आणि शिरेत जे औषध जाणार, ते पारखून, जपून, योग्य मात्रेत त्याच्यापर्यंत पोहोचविणारा माणूस कोठून येणार, हा प्रश्न एकाही पुढाऱ्याने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विरोधकांनीही तो विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही तो विचारलेला नाही.

हा माणूस म्हणजे रुग्णालयातील औषधनिर्माता. सरकारी कागदावर त्याला ‘औषधनिर्माण अधिकारी’ म्हणतात, आणि खेड्यापाड्यातला रुग्ण त्याला अजूनही ‘कंपाउंडर’ म्हणून हाक मारतो. अधिकारी हे बिरुद त्याला मिळाले. अधिकार मात्र मिळाला नाही, आणि त्या अधिकाराला लागणारे शिक्षणही मिळाले नाही. डॉक्टराला पदवीनंतर तीन वर्षे रुग्णालयात निवासी म्हणून राबवून, शिकवून विशेषज्ञ केले जाते. त्या डॉक्टराने लिहिलेले औषध ज्याच्या हातून जाते, त्याच्यासाठी अशी राज्यमान्य, सवेतन निवासी प्रशिक्षणाची व्यवस्था महाराष्ट्रात नाही. ती सुरू झाली पाहिजे, आणि तिचा आरंभ कोल्हापुरातून झाला पाहिजे, ही या लेखाची भूमिका आहे.

चौदा मृत्यूंचा धडा

हा प्रश्न चैनीचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९८६ साल आठवावे. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. डोळ्यांतील व मेंदूतील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. कारखान्यांत वापरायचा माल रुग्णाच्या घशात ओतला गेला होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीचे दफ्तर उघडले, तेव्हा पुरवठादारापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि रुग्णालयाच्या भांडारापासून मंत्रालयापर्यंत पसरलेली साखळी उजेडात आली. अहवाल १९८८ साली विधिमंडळापुढे आला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

त्यानंतर काय बदलले? याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते, हे औषधशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तरीही सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष पोटात जाऊन वीसहून अधिक बालके दगावली, आणि त्यांतील अनेकांनी आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला. मधल्या काळात नागपूर परिसरातील शासकीय रुग्णालयांत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नावाखाली अशा गोळ्या आल्या की ज्यांत औषधच नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बनावट अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल गुन्हा नोंदविला गेला, आणि पुरवठादारांच्या यादीत कोल्हापुरातील एका पेढीचे नाव निघाले. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होवो. पण ही गोष्ट आता दूरच्या मुंबईची राहिलेली नाही, ती आपल्या गल्लीत आलेली आहे.

शासनाचे उत्तर ठरलेले असते. खरेदीची यंत्रणा बदलायची. २०१७ पासून औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली. तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले गेले. कार्यालयाच्या दारावरची पाटी बदलली. परंतु खोके रुग्णालयाच्या दारात उतरल्यानंतर त्याचा बॅच क्रमांक नोंदविणारा, पुरवठादाराचा परवाना तपासणारा, तपासणीचा अहवाल येईपर्यंत तो माल वॉर्डात सोडणार नाही असे ठामपणे म्हणणारा आणि ‘या गोळीने चार रुग्णांचा ताप उतरत नाही, नमुना पाठवा’ असे लेखी कळविणारा शिकलेला माणूस कोणत्याही कायद्याने आपोआप निर्माण होत नाही. बनावट गोळी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच ती ओळखण्याची रीत शिकावी लागते, आणि ओळखल्यावर वरिष्ठांसमोर उभे राहण्याचे बळ पदाने द्यावे लागते. विद्या आणि पद या दोन्ही गोष्टी शासनाने नाकारल्या आहेत.

पाचशे तासांची विद्या

सरकारी खिडकीमागे बसणाऱ्या औषधनिर्मात्याची किमान पात्रता म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि नंतर तीन महिन्यांत पुरे करता येणारे पाचशे तासांचे प्रात्यक्षिक. त्यातले किती तास खरोखर रुग्णालयात जातात आणि किती दुकानमालकाच्या सहीपुरते असतात, हे त्या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. चार वर्षांची पदवी आहे. पण तिचा रोख मुख्यतः कारखान्याकडे. २००८ साली सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आला. त्यात रुग्णाजवळ उभे राहून शिकण्याची कल्पना होती, शेवटचे वर्ष आंतरवासितेचे होते, किमान तीनशे खाटांच्या रुग्णालयाची अट होती. कागदावर हे सारे उत्तम होते. परंतु हे शिक्षण जवळजवळ सर्वस्वी खाजगी संस्थांच्या हाती गेले. विद्यार्थ्याने लाखो रुपये भरायचे आणि आंतरवासितेच्या वर्षी बहुतेक ठिकाणी विद्यावेतनाविना वॉर्डात राबायचे. आणि एवढे करून पदवी हाती आल्यावर शासकीय रुग्णालयात त्याच्यासाठी जागा कोणती? तर तीच पदविकेची खिडकी, आणि तीही बहुधा कंत्राटी. मग हा मुलगा किंवा ही मुलगी पुण्याच्या एखाद्या कार्यालयात बसून परदेशी कंपन्यांसाठी औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी संगणकात भरते. सातासमुद्रापलीकडच्या रुग्णाच्या अंगावर उठलेल्या पुरळाची नोंद आपली मुले करतात. आणि चंदगडच्या शेतकऱ्याच्या अंगावर उठलेल्या पुरळाची दखल घ्यायला कोणी नसते. परावलंबी अर्थव्यवस्थेचे याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते द्यावे?

इकडे महाविद्यालयांचे पीक मात्र जोमात आहे. फार्मसी कौन्सिलने २०१९ साली नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली. संस्थाचालक न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिलला तसा अधिकारच नसल्याचे ठरविले. त्यानंतर गावोगाव पाट्या लागल्या. शिक्षणाच्या दुकानदारीला मोकळे रान आणि शिक्षणानंतरच्या प्रशिक्षणाला एकही सरकारी जागा नाही, असा हा विपरीत न्याय आहे.

याची किंमत कोण मोजते, ते एका प्रसंगावरून सांगतो. माझ्या परिचयातील, यंत्रमागांना कांड्या भरणाऱ्या एका बाईंना सांधेदुखीसाठी सरकारी रुग्णालयातून मेथोट्रेक्सेट दिले गेले. रुग्णालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चित्र सर्वत्र तेच आहे. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. केसपेपरवर डॉक्टरांनी तसे लिहिलेही होते. खिडकीपुढे रांग होती दीडशे माणसांची आणि खिडकीमागे होता एक माणूस. त्याने पुडी सरकवली, ‘जेवणानंतर’ एवढेच म्हणाला आणि पुढचा केसपेपर ओढला. बाईंनी ती गोळी रोज घेतली. दहाव्या दिवशी तोंड फोडांनी भरले, पाणीही गिळवेना, रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या. त्या वाचल्या, पण महिनाभराची मजुरी गेली आणि घर कर्जात गेले. त्या खिडकीमागच्या माणसाला मी दोष देत नाही. मिनिटाला दोन रुग्ण उरकणे हीच ज्याची नोकरी केली गेली आहे, त्याने समजावून सांगावे केव्हा? आणि या गोळीपुढे थांबायचे असते, हे त्याला शिकविले कोणी?

अशा जागा अनेक आहेत. इन्शुलिनच्या कुप्या चाळीस युनिटच्याही असतात आणि शंभर युनिटच्याही. सिरिंज चुकली तर अडीचपट मात्रा अंगात जाते. फेनिटॉइनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर साका धरतो. मूत्रपिंड अधू असलेल्या वृद्धाला अ‍ॅमिकासिनची नेहमीची मात्रा दिली तर उरलेले मूत्रपिंडही जाते. क्षयाचे रिफॅम्पिसिन सुरू झाले की रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा प्रभाव घटतो. ज्या वॉर्डात निवासी डॉक्टर छत्तीस तास जागा आहे, तेथे हे सारे त्याने एकट्याने ध्यानात ठेवावे अशी अपेक्षा करणे म्हणजे रुग्णाचा जीव नशिबावर सोडणे होय. त्या डॉक्टराच्या शेजारी उभा राहून प्रत्येक केसपेपर औषधाच्या अंगाने वाचणारा दुसरा शिकलेला माणूस हवा. निवासी औषधनिर्माता म्हणजे हाच दुसरा माणूस.

जगात हे जुने झाले

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी १९२७ सालीच औषधनिर्मात्यांसाठी रुग्णालयीन प्रशिक्षण सुरू केले, आणि १९६२ पासून तेथे निवासी प्रशिक्षणाला मान्यता देण्याची रीतसर व्यवस्था उभी राहिली. फ्रान्समध्ये तर ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. स्पेनमध्ये राष्ट्रीय स्पर्धापरीक्षा देऊन आलेला औषधनिर्माता चार वर्षे सार्वजनिक रुग्णालयात पगारी निवासी म्हणून शिकतो, आणि त्यानंतरच त्याला रुग्णालयीन औषधशास्त्राचा विशेषज्ञ मानले जाते. हे देश भांडवलशाहीचे आहेत. धर्मादाय म्हणून त्यांनी हे केलेले नाही. चुकलेल्या औषधाची किंमत शिकलेल्या माणसाच्या पगाराहून जास्त पडते, हा हिशेब त्यांनी मांडला. आपल्याकडे तो मांडला जात नाही, कारण चुकलेल्या औषधाची किंमत सरकार भरत नाही. ती कांड्या भरणाऱ्या बाई भरतात.

आक्षेप

पहिला आक्षेप तिजोरीचा. पैसा नाही, हे वाक्य आम्ही फार ऐकले. ज्या शासनाला महामार्गासाठी पैसा सापडतो, त्याला एका रुग्णालयात सोळा निवासी औषधनिर्मात्यांचे विद्यावेतन सापडू नये, हे कोणीही मान्य करणार नाही. मुदत संपून वाया जाणारी औषधे, अकारण लिहिली जाणारी महागडी प्रतिजैविके, चुकीच्या औषधाने लांबलेला मुक्काम, यांचा खर्च आजही होतच आहे. फक्त तो कोणत्याही एका शीर्षाखाली दिसत नाही.

दुसरा आक्षेप काही डॉक्टर मंडळींचा. औषधनिर्माता वॉर्डात आला की तो डॉक्टरी करू लागेल, ही त्यांची भीती. रोगनिदान डॉक्टरांचे, उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा, यात कोणी वाटा मागत नाही. मागणी आहे ती लिहिलेल्या औषधावर प्रश्न विचारण्याच्या हक्काची. ज्या डॉक्टराला असा प्रश्न अपमान वाटतो, त्याच्या केबिनमध्ये औषधकंपनीचा प्रतिनिधी मात्र रोज सन्मानाने बसतो! औषधाविषयीची माहिती विकणाऱ्याकडून घ्यायची आणि शिकलेल्या सहकाऱ्याकडून घ्यायची नाही, हा कोठला स्वाभिमान? १९७५ साली हाथी समितीने कंपन्यांच्या मक्तेदारीला आळा घालण्याची आणि व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी औषधे देण्याची शिफारस केली. ती मोठ्या अंशी धूळ खात पडली, याचे एक कारण हेही आहे की, रुग्णालयात त्या शिफारशीचा जाणता पाठीराखाच नव्हता.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांचा आहे, आणि तो प्रामाणिक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी औषधे नाहीत, तेथे हे पदव्युत्तर लाड कशाला, असे ते विचारतात. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला, आणि खरेखोटे ठरविणारी विश्वासार्ह नोंद लोकांपुढे आलीच नाही. टंचाई ही नेहमी केवळ पैशाची नसते. कोणते औषध किती लागेल याचा अदमास, मागणी वेळेवर नोंदविणे, पावसाळ्यापूर्वी सर्पदंशाची लस शाहूवाडी-गगनबावड्याच्या केंद्रांपर्यंत पोहोचली की नाही हे पाहणे, ही सारी शास्त्राची कामे आहेत. ती कारकुनी म्हणून उरकली गेली की टंचाई आणि नासाडी एकाच भांडारात शेजारी-शेजारी नांदतात. केंद्रावरच्या औषधाचा प्रश्न आणि प्रशिक्षणाचा प्रश्न हे दोन वेगळे लढे नव्हेत.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. निवासी म्हणजे स्वस्त मजूर, हा अनुभव डॉक्टरांनी घेतलेला आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग बारा तासांहून अधिक काम नाही असे लिहिले होते; वॉर्डात ते कोणी पाळले? विद्यावेतनासाठी मार्डला किती वेळा संप करावे लागले? औषधनिर्मात्यांच्या बाबतीतही शासन हेच करील. रिक्त पदे भरायची नाहीत आणि ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली खिडक्या चालवायच्या. २०२३ च्या सप्टेंबरात याच राज्याने खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला होता आणि लोकक्षोभानंतर पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला, हे विसरून चालणार नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, पदांच्या मागणीविना प्रशिक्षणाची मागणी करणे म्हणजे शोषणाला निमंत्रण देणे होय. दोन्ही मागण्या एका कागदावर, एका सहीने गेल्या पाहिजेत.

शाहूंच्या नगरीचा दाखला

कोल्हापूरच का? एक तर येथे सहाशेहून अधिक खाटांचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. त्याच्या दारी केवळ जिल्ह्यातले नव्हे, तर सिंधुदुर्गातले आणि निपाणी-चिकोडीकडचे सीमाभागातले गोरगरीबही येतात. त्याला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शहरात व कराडपर्यंतच्या पट्ट्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. दुसरे कारण अधिक मोलाचे. त्या वैद्यकीय महाविद्यालयाला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचे. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून सुरुवात करून त्यांनी जातीजातींसाठी वसतिगृहे उभी केली, १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. यांतला अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. शिकणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची सोय केल्याविना शिक्षण बहुजनांच्या घरात शिरत नाही, आणि शिकलेल्याला जागा दिल्याविना ते टिकत नाही. वसतिगृह आणि नोकरी या दोन टोकांमध्ये त्यांचे शिक्षणाचे राजकारण उभे होते. निवासी प्रशिक्षणाची मागणी ही त्याच विचाराची आजची आवृत्ती आहे. सवेतन जागा नसेल तर ऊसतोडणी मजुराची मुलगी दोन वर्षे वॉर्डात राहून शिकू शकणार नाही. ती पहिल्या मिळेल त्या दुकानात सही विकेल. मग या पदांवरही पैसेवाल्यांचीच मुले बसतील.

मागण्या

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. प्रमिलाराजे रुग्णालयात रुग्णालयीन औषधनिर्मात्यांसाठी दोन वर्षांचे राज्यमान्य निवासी प्रशिक्षण सुरू करावे. वर्षाला निदान आठ जागा असाव्यात आणि प्रवेश शासकीय परीक्षेने, आरक्षणासह, शुल्काविना व्हावा. विद्यावेतन कनिष्ठ निवासी डॉक्टराइतके असावे, राहण्याची सोय असावी आणि कामाच्या तासांची मर्यादा पाळली जावी. भांडार, अतिदक्षता विभाग, बालरोग, औषधवैद्यक, कर्करोग आणि ग्रामीण रुग्णालय अशा सर्व ठिकाणी पाळीपाळीने काम शिकवावे. शेंडा पार्कच्या नव्या रुग्णालयाच्या पदनिर्मितीत दर वॉर्डामागे क्लिनिकल फार्मासिस्टचे कायम पद धरावे. सध्या सेवेत असलेल्या पदविकाधारकांना पगारी रजेवर या प्रशिक्षणाचा मार्ग खुला ठेवावा. वीस वर्षे खिडकी सांभाळलेल्या माणसाला अडाणी ठरवून बाजूला सारणारी सुधारणा आम्हांला नको. आणि संशयास्पद औषध रोखून धरण्याचा लेखी अधिकार, तो वापरणाऱ्याला बदलीपासून संरक्षणासह, मिळालाच पाहिजे.

शेवटची मागणी पुरवठादारांना झोंबेल. जे. जे. प्रकरणापासून अंबाजोगाईपर्यंत ज्या साखळीने पैसा केला, तिला वॉर्डातला अडाणीपणा सोयीचा आहे. निविदेतली टक्केवारी आणि खिडकीमागची हतबलता या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. म्हणून हा केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न नाही, सत्तेचा प्रश्न आहे.

काम आपल्यापासून सुरू होते. येत्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन औषधनिर्मात्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, एका माणसामागे रोजचे केसपेपर किती, याची नोंद करावी. औषधनिर्मात्यांच्या, परिचारिकांच्या आणि निवासी डॉक्टरांच्या संघटनांना एका बैठकीला बोलवावे. हे सारे श्रमिक एकमेकांकडे संशयाने पाहतात, तोवर शासन निश्चिंत असते.

प्रमिलाराजे रुग्णालयासमोरच, ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसले. त्यासाठी या शहराने चार दशके लढा दिला. न्याय दारात यावा म्हणून कोल्हापूरकर एवढा काळ रस्त्यावर उतरू शकतात. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभी असलेली माणसेही न्यायच मागत आहेत. फक्त त्यांच्या हातात वकीलपत्र नाही, केसपेपर आहे.